आरोपी निवडा

आमच्या शहराचं नावच नाव.
वूच म्हणजे नाव, वल्ह्यांची, पाण्यातली,
आणि पाणी तर कुठेच दिसत नाही.
नदी गिरण्यांनी पिऊन टाकली,
उरलीसुरली विटांच्या नळात कोंडून
रस्त्याखाली ढकलली.

म्हणून आमचा गुप्तहेर ऊद आहे,
जन्मात पाणी न पाहिलेला.
दोब्राव्हाने त्याला आधी ओला काढला होता.
मी म्हटलं, पूस त्याला.

वित अंधार लिहितो.
अंधाराला आकडे लागतात:
शून्य पूर्णांक चारला जिना दिसतो,
जिन्यावरचं कुणी दिसत नाही.
कोरड्या कारंज्यात बगळा पडलाय, मान उलटी,
खिशात गिरणीची हिशेबवही,
पानं एकमेकांना चिकटलेली.

संशयित मी लिहिले.
कावळा नोटरी,
त्याचं बसणं आणि फांदीचं मोडणं
एकाच रात्री, मुद्दाम जुळवलेलं.
अत्तरं विकणारी कोल्हीण.
उंदीर, बॉयलर पेटवणारा,
रोज अर्धी भाकर बगळ्याच्या बायकोच्या उंबऱ्यावर ठेवणारा.
ती भाकर मी तिसऱ्या प्रकरणात
कुणी उघडत नाही अशा कपाटामागे लपवली.
आणि तेविसाव्या मागावरची मेंढी.
तिला सगळी मिळून नऊ वाक्यं.

बुधवारी अकरा जण खेळून बघायला आले.
नऊ जणांनी उंदराला धरलं.
का, तर खांदे उडवले.
एक म्हणाला, तोंडावरूनच कळतं.
ते तोंड दोब्राव्हाने आपल्या भावावरून काढलेलं.
ती पेन्सिलीला टोक करत राहिली,
टोक झाल्यावरही.

सगळे गेल्यावर झेनोबियाबाई बादली ठेवून म्हणाल्या,
मी बसू का जरा?
याच मजल्यावर त्यांनी एकोणीस वर्षं माग चालवला,
आता फरशी पुसतात.
चार तास खेळल्या. लिंबाचा चहा गार झाला.
कपाट सरकवलं त्यांनी, भाकर सापडली,
नुसतं "हं" म्हणाल्या.
उदाबरोबर नळातून वाकून गेल्या,
जाळीत अडकलेला कोकराचा लोकरी मोजा
चटकन ओळखला, टाका बघून.
मग वर आल्या, तेविसाव्या मागापाशी.
मेंढी पळत नाही. धागा सांधत राहते.

पडद्यावर बटण पेटलं: आरोपी निवडा.

बाईंनी माऊसवरचा हात काढला,
एप्रनला पुसला.
ही उभीच का?
म्हटलं, कामावर आहे ती.
ते दिसतंय मला. रात्रीसुद्धा?
एक खुर्ची नाही काढली कुणी?

तीन वर्षं आम्ही तिघं.
चौदा कुलपं काढली, विषाच्या सहा बाटल्या,
मरणाऱ्या बगळ्याची सव्वीस पिसं
प्रत्येक वेगळी पडणारी.

बाई कोट चढवून ट्रॅमला गेल्या.
बटण पेटलेलंच.
त्यांचं उत्तर वितच्या तक्त्यात
कुठल्याच रकान्यात बसेना.

दोब्राव्हाने खुर्ची काढली,
एक पाय थोडा आखूड, खाली घडी केलेलं पुठ्ठ्याचं कापटं.
वितने विचारलं, हिने काय होतं? पुरावा? गुण?
बसता येतं, ती म्हणाली.

पहिल्यांदा मेंढी बसली ती खुर्चीतून आरपार,
फरशीतून, पायातून, थेट
खालच्या कोंडलेल्या नदीत.
आम्ही हसलो, पोट धरून,
आणि मग तिघंही एकदम थांबलो.
दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा शिंगं वर राहिली.
पहाटे चारच्या सुमाराला ती टिकली,
किंचित तरंगत, पण टिकली.

बटण आहे तिथेच आहे.
उंदराचं तोंड बदललं नाही.
घरी निघताना वितने अंधार
शून्य पूर्णांक पाचवर नेला.
जिन्यावर आता कुणीतरी दिसतं.
कोण, ते मी अजून लिहिलेलं नाही.