गळतीचा हिशोब

ऑगस्टात सजाच्या लेबर कॅम्पात
थंड पाण्याचा नळ नुसता नावाला थंड असतो.
दुपारी गच्चीवरच्या टाकीतनं जे येतं
त्यात चहापत्ती टाकली तर रंग सुटेल.
म्हणून माणसं पहाटे तीनला उठतात,
बादल्या भरतात, झाकतात,
खडूनं नाव घालतात, आणि नावावरनं भांडतात.

मी ए.सी. मेकॅनिक. देवरुखचा आयटीआय.
दिवसभर शारजातल्या भिंती गार करतो
आणि कढत पाण्यानं घाम धुतो.
हे मुश्ताक हमदुलेला सांगितलं,
तर तो म्हणाला, "मग रडतोस काय, पाना आण."

पहिल्यांदा तांब्याची कॉइल, भंगारातली, टाकीत बुडवली.
पाण्याला नाण्याची चव आली.
टेकबहादूरनं एक चूळ भरली
आणि नेपाळीत जे म्हणाला
ते मी वहीत लिहिलं नाही.
मग थर्माकोल.
रात्री शमाल सुटला, सकाळी अख्ख्या कॅम्पभर
पांढरे दाणे, जणू कुणाच्या लग्नातल्या अक्षता.
कॅम्प बॉसनं दोघांचा एकेक दिवस कापला.
"आहेर केला समज," मुश्ताक म्हणाला.

नंतर बरेच दिवस काहीच नाही.

एका शुक्रवारी बायको फोनवर
फीचं, गॅसचं, दाढदुखीचं सांगून झाल्यावर म्हणाली,
"आणि माठ नवा आणला.
जुना पाझरायचा बंद झाला होता,
पाणी गारच होईना."
पुढं ती काय बोलली मला आठवत नाही.

ब्लॉकच्या मागं चौसष्ट ए.सी.,
चौसष्ट नळ्या, वाळूत टपटप.
तिथं गवताची एक हिरवी रेघ उगवली होती
आणि रेघेवर कॅम्पातलं एकुलतं मांजर.
चार वर्षं मी त्या पाण्यापुढं
रजिस्टरात एकच शब्द लिहीत आलो होतो: गळती.

दूध पावडरीचा डबा लावून मोजलं.
मेसच्या मागनं तांदळाची गोणपाटं आणली,
टाकीला गुंडाळली, दाभणानं शिवली,
वरनं भोकांची नळी फिरवली, तीत ते गळतं पाणी.
गुलजरीननं सावलीसाठी अँगल वेल्ड केले,
पैसे घेतले नाहीत;
"पहिला माझा ब्लॉक," एवढंच.

त्याआधी दुपारी दोनचं पाणी: सेहेचाळीस.
गोणपाटानंतर पहिल्या दिवशी: एकोणचाळीस.
पाचव्या दिवशी: चौतीस.
गुलजरीन नळाखाली डोकं घालून उभा राहिला.
बोलला नाही.
मागं रांग लागली तरी हलला नाही.
त्याला कुणी शिवी दिली नाही, हेही लिहिलं.

दमट दिवशी मात्र गोणपाट नुसतंच ओलं राहतं, हट्टानं.
पंधरा दिवसांनी वास मारतं,
धुवायच्या पाळ्या लावाव्या लागतात,
आणि पाळी चुकवणारे सगळीकडं असतात.

मग कंपनीतनं एक साहेब आले.
फॉर्ममध्ये रकाना होता: उत्पादनाचं नाव.
मुश्ताक म्हणाला, "लिहा, गोणपाट."
साहेब हसले, काहीतरी इंग्रजी लिहिलं.
दुसरा रकाना: समाजाला होणारा लाभ, आकड्यात.
तिथं आम्ही दोघं गप्प.

त्या रात्री सवयीनं तीनला जाग आली.
टॉवेल घेऊन बाहेर आलो.
नळांपाशी कुणी नव्हतं.
बादल्या पालथ्या, खडूची नावं पुसट,
आणि खोल्याखोल्यांतनं घोरणं,
एकशे नव्वद माणसांचं,
कमीजास्त, बेसूर, पण भरगच्च.
पायरीवर बसून ऐकत राहिलो.
हा आकडा कुठल्या रकान्यात बसतो?

समोर बी-ब्लॉकला दिवा होता.
बादलीत धार पडल्याचा आवाज,
मग दोन माणसांचं नावावरनं भांडण.

मी आत जाऊन वही आणली.
त्यांच्या गच्चीवर टाक्या किती,
अंधारात नीट दिसेना.
सहा असाव्यात. की सात.