तासिका तत्त्वावर

टी.वाय.बी.ए., पेपर सातवा, प्रकरण चौथे :
राज्यसंस्थेचे आकुंचन. देश, ब्रिटन.
खडू मी घरूनच आणतो.

फळ्यावर मधोमध मोठा गोल काढला,
म्हटलं, हे सरकार.
मग ओल्या फडक्यानं कडेकडेनं पुसत गेलो.
टेलिफोन विकला, गॅस विकला, पाणी विकलं,
सरकारी घरं राहणाऱ्यांच्याच नावावर करून दिली,
आणि शेवटी रेल्वे, रुळांसकट.

मागचा बाक हसला.
विट्याला रेल्वे नाही,
पण आमची घंटा म्हणजे रुळाचाच हातभर तुकडा,
कडुलिंबाला तारेनं टांगलेला.
सिद्राममामा जूनमध्ये निवृत्त झाले,
जागा भरायला मंजुरी नाही,
तेव्हापासून ज्याचा तास संपतो
तोच जाऊन टोला मारतो.

दुसरी बाजूही लिहा, म्हटलं, परीक्षेत मार्क असतात.
कारखाने तोट्यात होते. संप होते. कर्ज खोटं नव्हतं.
फोनसाठी लोक महिनोन्‌महिने ताटकळत होते,
आणि ते काही तिकडचंच नाही :
आळसंदला आमच्या घरी फोन वाजला
तेव्हा अर्ज करणारे आण्णा
भिंतीवर हार घालून बसलेले.

मग बरीच वर्षं गेली, तोच पक्ष पुन्हा आला.
म्हणाला, अंथरूण पाहून पाय पसरावेत.
खरंच आहे.
फक्त आधी अंथरूण कापून घेतलं
आणि मग म्हणाले, पाय आवरा.
सरकार लहान, समाज मोठा, अशी घोषणा होती.
वाचनालयाला कुलूप, नाहीतर गावानं फुकट चालवावं.
म्हाताऱ्यांना जेवू घालणारी बाई आता पंधरा मिनिटांपुरती.
शाळेसमोर हात आडवा धरून
पोरांना रस्ता ओलांडून देणारी,
तीही यादीत.
चरबी उतरवतोय, म्हणाले. वितळवतोय.

वितळवतोय म्हटल्यावर हर्षदा हसबे उठली.
वर्षभरात कधी उठली नव्हती.
तिचा बाप कोइमतूरला गलाई करतो,
दोन चुलते कटकला,
दिवाळीला येतात, बोटांना तेजाबाचे डाग घेऊन.
"सर, सोनं मुशीत घालायच्या आधी
आमच्यात घट धरतात.
इतकं घातलं, इतकं निघेल, इतकं जाईल.
गिऱ्हाइकासमोर. लिहून.
यांनी किती घट धरली होती?"

पुस्तक उलटंपालटं केलं.
तक्ते होते. टक्के होते.

"आणि गाळ कुणाकडं गेला?
पप्पा दुकानातला केरसुद्धा फेकत नाहीत.
पायपुसणं जाळतात, राख धुतात,
त्यातनं वर्षाकाठी एक मणी तरी निघतो.
रस्ता ओलांडून देणारी ती बाई, सर,
ती गाळ होती हे कुणी ठरवलं?
टंच काढला होता का?"

वर्ग गप्प.
बाहेर डाळिंबाचा टेम्पो गिअर बदलत चढाला लागला.
मी फळ्याकडे बघितलं.
पुसलेला गोल पूर्ण पुसला नव्हता,
त्याची ओली कड
उन्हात हळूहळू पांढरी होत परत दिसायला लागलेली.

म्हटलं, हा प्रश्न परीक्षेला येणार नाही.
ती म्हणाली, माहीत आहे.
तरी वहीत लिहून घेतला, पेन्सिलनं.

तास चार मिनिटं लांबला होता.
त्या चार मिनिटांचे पैसे कुठल्याच नमुन्यात बसत नाहीत,
अठ्ठेचाळीसचेही येतात ते दिवाळी होऊन गेल्यावर.
हजेरी घेतली, जाऊन रुळावर टोला मारला.
लोखंड बराच वेळ घुमत राहिलं,
कुठल्या गाडीखालून आलं होतं कोण जाणे.

मायणीच्या कॉलेजात दीडचा तास.
एसटी आहे म्हणतात, ड्रायव्हर आला तर.
उभा आहे.
तळहाताला गंज लागलाय,
झटकायला गेलो,
आणि झटकला नाही.