सात मिनिटांची नदी

दिवाडीहून जुन्या गोव्याला फेरीबोट सात मिनिटांत लागते.
भरतीला सहा.
ओहोटीला काश्तान लांबचा वळसा घेतो तेव्हा साडेआठ.
माझी कादंबरी त्याच पाण्यावर चालते.

नियम एवढाच :
लोखंडी फळी वर गेली की पेन उघडायचं,
खाली पडली की बंद.
मधे खोडायचं नाही.
शब्द अडला तर त्याच्या जागी फुली मारायची
आणि पुढे जायचं,
जशी आपोलिन जाते, डोक्यावरची पाटी
मानेवर गळत असताना.

त्याआधी अकरा वर्षं मी पहिलंच प्रकरण लिहीत होते.
घरी. टेबलावर. दार लोटून, तांब्या भरून घेऊन.
कुंदा केरकर, वय चौतीस, राहणार माशेल,
हातात बॅग, उंबऱ्यावर उभी.
उंबरा सागवानी की फणसाचा,
यावर एक अख्खा पावसाळा गेला.
बाईचे पाय सुजले असतील.

मग एका सोमवारी उशीर झाला.
बोटीवर शेवटची चढले. बाकावर जागा नव्हती.
कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर वही टेकवली
आणि लिहिलं : कुंदा निघाली.
दोन शब्द.
फळी आदळली. स्कूटरवाला म्हणाला,
"बाय, वही काड गे, म्हाका वचपाचें आसा."

वही काढली.
संध्याकाळी परतताना तिने नाक्यावरची बस पकडली.

एका खेपेत ऐंशी शब्द. जाता-येता दीडशे,
इंजिनाच्या थरथरीने वाकडे झालेले;
त्यातले काही मला स्वतःला लागत नाहीत,
तेही मोजते.
रविवारी सोसायटीचं ऑफिस बंद, तरी जाते.
चालत चढणाऱ्याला तिकीट नाही.
पलीकडे उतरतही नाही, त्याच बोटीने मागे.
घरी सांगते, मासळी बघून आले, महाग होती.

काश्तान सुकाणूवरून ओरडतो, "पावली गे ती?"
मी म्हणते, करमळी स्टेशनवर आहे, गाडी लेट आहे.
"आगे, कितें ती गाडी! म्हज्या बोटीर हाड तिका."

मे महिन्यात एकदा बोट मधोमध गाळात रुतली.
एक तास चाळीस मिनिटं.
सगळ्यांना माझ्यासाठीच आनंद झाला.
आपोलिनने छत्री धरली, शाळेतला मुलगा सरकून बसला,
कुणी गप्पांचा आवाज कमी केला.
मी तारीख लिहिली.
तारखेखाली रेघ ओढली.
रेघ वाकडी आली म्हणून दुसरी ओढली.
खाजणाच्या कडेला एका खुंटावर पाणकावळा
पंख पसरून वाळत होता, तो पाहिला.
आणि वाटलं, तो उंबरा
फणसाचाच असावा.
बघते तर कुंदा माशेलला परत,
बॅग घेऊन दारात उभी.

इतका वेळ कुणी मला आजवर दिला नव्हता.
मी तो चणे खाऊन संपवला.

मग दुसरी बोट आली. दोर टाकला, ताणला,
गाळाने एकदा चुंबक सोडावा तसं सोडलं,
आणि पायाखालून पाणी पुन्हा सरकायला लागलं.
पेन आधी हललं, मग मी.
धक्का येईपर्यंत कुंदाने लेट गाडीही सोडून दिली होती
आणि रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडत होती,
फार छान भांडत होती.

आता दोनशे बाराव्या पानावर ती बोटीत बसली आहे.
सुकाणूवरच्या माणसाचं नाव मी फुलीने लिहिलंय.
काश्तानला अजून सांगितलेलं नाही.

लोक म्हणतात, इथे पूल होणार.
झाला तर बरंच आहे, आजारी माणूस वेळेत पोचेल.
पुलावरून मिनिटभराचं काम.
काल फळीजवळ उभी राहून
एका मिनिटाचे किती होतात ते मोजून पाहिलं :
अकरा.
त्यात एक फुली.