चार नंबरची खोली

जुलैच्या पहिल्या शनिवारी
आई माझी गादी उन्हात टाकायची
आणि ती परत माझ्याकडे यायची नाही.
लेस्टरच्या मोज्यांच्या कारखान्यांना सुट्टी लागलेली.
पंधरा दिवस माझी खोली ऑर्चर्डांची:
नवरा, बायको, रेमंड,
आणि एक म्हातारी, जी रात्री दात
माझ्या खिडकीच्या फळीवर पेल्यात ठेवायची.
त्या खिडकीतून समुद्र दिसत नाही.
त्याला अडवणारा बांध दिसतो.

मी न्हाणीघरात, टबात झोपायचे.
खाली दोन उशा, वर बाबांचा जुना ओव्हरकोट.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
मी नळ पाहून पसरले.
सहाला कुणीतरी दाराबाहेर खाकरायचं,
की सगळं गुंडाळून जिन्याखाली.

मेबलथॉर्पच्या आमच्या गल्लीत सगळ्या पोरांचं हेच.
सप्टेंबरात बाई निबंध द्यायच्या,
सुट्टीत तुम्ही कुठे गेलात?
माझ्या बाकावरची हेस्टर लिहायची,
कोळशाच्या कोठीत.

वाळूवर मी चहाचे ट्रे न्यायचे.
किटली, चार कप, अर्धा क्राउन अनामत.
कप फुटला तर अनामत आमची,
वारा सुटला तर चहात वाळू सगळ्यांची.
रेमंडनं एकदा विचारलं, तू इथेच राहतेस?
इथेच.
म्हणजे तुला रोज सुट्टी!
मी हो म्हटलं.
गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं.

मग गाढवं शेतावर परत जायची,
घंटा काढलेली, एकदम साधी गाढवं.
पैसे गिळणाऱ्या यंत्रांवर ताडपत्री.
खिडक्यांना फळ्या ठोकताना
बाबा खिळे ओठात धरायचे, म्हणून महिनाभर गप्प.

त्रेपन्नच्या जानेवारीत
समुद्र बांध ओलांडून घरात आला.
आरक्षण नाही, भाडं नाही,
किती दिवस राहिला ते मला नीट आठवत नाही.
गेला तेव्हा भिंतीवर कपाटाच्या उंचीला
एक रेघ सोडून गेला.
आई दर वर्षी त्यावर नवा कागद चिकटवते,
फुलाफुलांचा,
आणि दर वर्षी त्या रेघेवरची फुलं
आधी फुगतात, मग सुटतात.

आणि एका ऑक्टोबरात
आई म्हणाली, आपण सुट्टीवर जाऊ.
कुठे? तर स्कारबरोला.
समुद्राकडून समुद्राकडे, तीन बस बदलून.

मिसेस थॅकरेंच्या घरी बाकीच्या खोल्यांना रंग चालला होता,
म्हणून आम्हाला त्यांच्या मुलीची खोली.
आईनं हातमोजे न काढताच
चादरीचे कोपरे उचलून पाहिले.
नाश्त्याला बशीवर बशी रचू लागली,
मग हात मांडीखाली घालून बसली.
तिसऱ्या दिवशी सापडली स्वयंपाकघरात,
कप पुसताना,
दोघी बायका बेकनच्या भावावर बोलत होत्या
आणि आई घरच्यासारखी हसत होती.

मला मात्र झोप येईना.
खिडकीत खराखुरा समुद्र, रात्रभर जागा,
आणि गादीत एक खळगा,
माझ्याच मापाचा.

पहाटे पाणी प्यायला खाली उतरले.
जिन्याखालून एक मुलगी निघत होती,
काखेत गुंडाळलेलं ब्लँकेट,
गालावर उशीच्या शिवणीची रेघ.
माझ्याच वयाची.
तिनं मला 'मिस' म्हटलं
आणि वाट सोडून भिंतीला लागली.
मी बोलायला तोंड उघडलं.
मला सगळं माहीत होतं,
नळ, जिना, कोठी, रेमंड.
पण तोंडातून निघालं ते एवढंच,
थँक यू.

निघताना आईनं चादरी स्वतः काढल्या,
घड्या घालून पायथ्याशी ठेवल्या,
वर सहा पेन्स.
पहिल्या बसमध्ये म्हणाली, उशा पातळच होत्या.
दुसऱ्या बसमध्ये काहीच बोलली नाही.
तिसरीत, अंधार पडल्यावर,
काचेकडे बघत म्हणाली,
समुद्र काय सुंदर होता, नाही?
आपल्याकडे कुठला असला.