इतर खर्च

धरणातून पाणी सोडलं रात्री दोनला.
सकाळी अकराच्या आत एरंडवण्यातल्या आमच्या ऑफिसात
पहिला फोन : ताई, ब्लँकेटं कुठं पाठवू?
मी म्हटलं, जरा थांबा.
थांबा हा शब्द
देणाऱ्या हाताला फार लागतो.

चौथ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये छातीएवढा ढीग.
फेट्यासकट एक शेरवानी.
डाव्या पायाचे तीन बूट.
कॉलरला धोब्याची खूण तशीच असलेले शर्ट,
आणि एक पोहायचा पोशाख,
निळा, जवळजवळ कोरा.
तो झुलेखा तांबोळीनं वर धरला तेव्हा
वस्तीतल्या बायका हसल्या,
पाणी ओसरल्यापासून पहिल्यांदाच.
म्हणजे तोही अगदीच वाया गेला नाही.

मी फॉर्म काढला. गरज काय? पन्नास शब्दांत.
झुलेखा म्हणाली, एकच शब्द लिहा. झेरॉक्स.
आधार, रेशन, पोराची दहावीची मार्कशीट,
सगळ्याचा लगदा झालाय ट्रंकेत.
पंचनाम्याला कागद मागतात
आणि कागदच तर बुडाला.
रिक्षानं कचेरीत जा, रांगेत उभं राहा,
फोटो काढा, पुन्हा या म्हणतात, पुन्हा जा.
ह्याचे पैसे कुणी देतं का, मॅडम?
आणि भानुदासची हजेरी?

भानुदास कुचेकर कोण, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.
पुलावर बॅटरी घेऊन बसला होता दोन रात्री.
खांबावर चुन्याचे पट्टे ओढलेत त्यानं,
चौथा पट्टा बुडाला की ताट बडवायचं,
एवढाच नियम.
त्यानं ताट बडवलं
म्हणून एकशेबारा घरांतली सगळी माणसं
आज ब्लँकेट नको म्हणायला शिल्लक आहेत.
मंडईतली त्याची हमाली मात्र बुडाली, दोन दिवसांची.

आमच्या तक्त्यात रकाने आहेत :
अन्नधान्य. कपडे. औषधं. वाहतूक.
ताट बडवणाऱ्या माणसाला रकाना नाही.
मी सगळं शेवटच्या ओळीत कोंबलं.
झेरॉक्स, रिक्षा, बॅटरीचे सेल, चुना,
वर्षभराच्या रात्रींची हजेरी.
इतर : एक लाख चाळीस हजार.

गुंदेचासाहेबांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं.
माणूस वाईट नाही.
पहिल्या दिवशी मोजेसुद्धा न काढता
गुडघाभर चिखलात उतरले होते.
पण टेम्पोवर बॅनर हवा, बॅनरसमोर बायका हव्यात,
बायकांच्या हातात पिशव्या हव्यात.
इतर म्हणजे काय हो? म्हणाले.
फोटोत काय दिसणार?

उत्तर तयार नव्हतं माझ्याकडे.
बावीस वर्षं मी दुसऱ्यांचे पैसे वाटते,
तरी अशा वेळी घसा कोरडा पडतो.
शेवटी विचारलं, चिंचवडच्या कारखान्यात
रात्रीचा वॉचमन आहे ना तुमच्या?
ज्या रात्री चोरी होत नाही,
त्या रात्रीचा फोटो मागता त्याच्याकडे?

पंखा फिरत राहिला.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.
सत्तर हजारांवर सही केली.
उरलेलं मार्चनंतर बघू, म्हणाले.
मीही मान डोलावली.
सगळं मागून निम्मं घ्यायचं,
हे या कामात लवकर अंगवळणी पडतं.

मार्च गेला. फोन आला नाही.
कुणाचाच येत नाही उन्हाळ्यात,
नदीची आठवण पाण्यासोबत येते.
मे महिन्यात मी पुलाखाली उतरले, पावतीपुस्तक घेऊन.
पात्रात जलपर्णी, वास, दोन बगळे.
भानुदास शिडीवर,
पुसट झालेले पट्टे पुन्हा ओढत होता.
आता पाच. पाचवा थोडा खाली,
म्हाताऱ्यांना उठायला वेळ लागतो, म्हणाला.

चुना साठ रुपये. ब्रश चाळीस.
हजेरी एक दिवस.
पावतीवर ‘कामाचे स्वरूप’ असं छापलंय,
तिथं त्यानं सावकाश, जाड अक्षरात लिहिलं :
पाणी नाही. काम झाले.