दोनशे पानी वही

इलठणपाड्याच्या दवाखान्याबाहेर फळा आहे:
औषधसाठा उपलब्ध.
खडूने नाही, ऑइलपेंटने लिहिलाय,
म्हणजे पुसायची भानगडच नको.

आमची वही दोनशे पानी.
केवळाबाईच्या लेकीची, भूगोलाची,
मागची पानं कोरी उरली होती.
मंगळवार. कुत्रं चावलेलं पोर. लस नाही.
शुक्रवार. डॉक्टर साडेअकराला.
शमीमचं बीपी मोजलं नाही, मशीनचे सेल गेलेत म्हणे.
सेल आम्हीच आणले.
तेही लिहिलं, बिलासकट.

जनसुनावणीत साहेब म्हणाले, पुरावा?
केवळाबाईला वाचता येत नाही.
तिने वही उघडली, बोट ठेवलं,
नेमकं त्याच ओळीवर.

तेव्हा मागून उठला तांडेल,
औषधाच्या खिडकीतला,
ज्याला आम्ही सात महिने शिव्या घातल्या.
खिशातून कार्बनच्या निळ्या प्रती काढल्या.
मागणीपत्रं. नऊ.
उत्तर एकाचंही नाही.
म्हणाला, ह्याही चिकटवा तुमच्यात.

डिंक नव्हता.
शमीमने केसातली पिन काढून दिली.

लस आली का, विचाराल तर
मंगळवारचं पान अजून कोरं आहे.
तारीख तेवढी टाकून ठेवलीय.