रंगाचा रकाना

रामबागेत, जिन्याखालच्या माझ्या खोलीत
नट येतात, पण अंगाशिवाय.
कुणाचा खांदे भरलेला कोट, कुणा डाकूची बंडी,
एका राजाचा जिरेटोप, आतून पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर बिस्किटांच्या कंपनीचं अर्धं नाव.

आणतात झोकरकर.
गिरणीच्या हिशेबखात्यात हयात गेली.
गिरणी बंद पडली, नाद नाही.
स्टुडिओ मोडीत निघाले तेव्हा
भंगारवाल्यांच्या मागोमाग हिंडले हे,
किलोच्या भावानं नायक विकत घेत.

"धुवायचं नाही हं," दर वेळी बजावतात,
"काखेतला घाम हाच पुरावा."
मग कॉलर उलटून धोब्याची खूण शोधतात,
काळ्या शाईचे दोन ठिपके, एक फुली,
सोनारानं कस बघावा तशी.
मी नुसती रफू करते.
रफू दिसली तर ती रफू कसली?
म्हणून ते कुरकुरतात तेव्हा मला बरं वाटतं :
"कुठं केलंस काही? पैसे कशाचे?"

मागच्या पौषात पार्सल आलं.
आयुष्यभर वाट पाहिली तो शालू.
चित्र कृष्णधवल. शेवटच्या रिळात नवरी
स्टेशनवर एकटी उभी,
आणि अख्ख्या थिएटरला ठाऊक की शालू लाल आहे.
झोकरकर अकरा वेळा ते लाल बघून आलेले.
लग्न ठरलं तेव्हा कुमुदिनीबाईंना घेऊन
सीतलामाता बाजारात तीन दिवस,
"अगदी तोच लाल हवा."
दुकानदारही बिनदिक्कत म्हणाला,
"वही है भाऊसाब, कल ही आया."

सुतळी तोडली. कागद उलगडला.
शालू हिरवा.
हिरवाही धड नाही, शेवाळलेल्या हौदाचा.

ते खुर्चीत बसले. "फसवलं," एवढंच म्हणाले.
मी भिंग घेतलं, त्यांच्याकडचा फोटो घेतला,
पदराच्या कोयऱ्या मोजत गेले.
चौदावीचं शेपूट तुटकं. फोटोतही तुटकं.
काठाच्या आतल्या दुमडीत शिंप्याची पेन्सिल :
नवरी. स्टेशन. लाल काळा येतो, हा घ्या.

म्हणजे लाल तिथं नव्हताच कधी.
तो खुर्च्यांवरून, बाकांवरून, जमिनीवरून
अंधारात बसल्या बसल्या लोकांनीच चढवला,
एकमेकांना न विचारता,
आणि छटाही चुकली नाही कुणाची.

मला वाटलं, आता रडतील.
ते हसले, खोकला लागेपर्यंत.
"मग खरा तो कुमुदचा! एकशे ऐंशी मोजले होते मी.
कुठाय तो?"
आणि त्यांनाच आठवलं :
बोहारणीला दिला. दोन पातेली आली.
एकात अजून दूध तापतं.

संध्याकाळी त्यांनी वही काढली.
वस्तू. चित्र. साल. धोबीखूण. रंग.
शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
मी पदराचा विरलेला भाग तळव्यावर धरून विचारलं,
धागा कुठला लावू?

खिडकीतला उजेड निघून चालला होता,
खोलीतल्या कोटांचे, बंड्यांचे रंग
एकेक करून राखाडी होत होते.
ते शालूकडे बघत राहिले.
"जरा दिवा नको लावूस," म्हणाले.

अंधारात सुई ओवता येत नाही,
हे मी बोलले नाही.